विनोदकाराचा आवाज : पु. ल. देशपांडे यांच्या कारकीर्दीचा एक विचार

१

विनोदी लेखक, नट आणि दिग्दर्शक या तीन नात्यांनी ज्याची कीर्ती झाली, अशा कलावंताचे मूल्यमापन करताना अभ्यासकापुढे एक विशेष अडचण उभी राहते. वाङ्मयेतिहास त्याची पुस्तके पाहतो, नाट्येतिहास त्याची नाटके मोजतो आणि चित्रपटाचा इतिहास त्याच्या चित्रपटांची नोंद घेऊन पुढे जातो. तिन्ही ठिकाणी त्याचे नाव येते, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे काहीतरी निसटते. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९ – १२ जून २०००) यांच्या बाबतीत असे घडले आहे. त्यांच्या बहुविध गुणांची यादी करण्याची प्रथा महाराष्ट्रात इतकी रूढ झाली आहे की, ती यादी संपली म्हणजे विवेचन संपले असा समज होतो. ‘अष्टपैलू’ हे विशेषण गौरवाचे खरे. परंतु त्या पैलूंना धरून ठेवणारे द्रव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

ते द्रव्य म्हणजे मनुष्याचा बोलता आवाज होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. देशपांडे यांच्या रचनेचे मूळ परिमाण लिहिलेले वाक्य हे नसून उच्चारलेले वाक्य हे आहे. लेखक या नात्याने त्यांनी ते टिपले, नट या नात्याने ते उच्चारले आणि दिग्दर्शक या नात्याने ते इतरांच्या मुखी बसविले. हे मान्य केल्यास त्यांच्या कारकीर्दीतील वळणांची संगती लागते. शिवाय ज्या कलावंताच्या कलेचा अर्धा भाग त्याच्या देहाबरोबर लोपला, त्याचा इतिहास कसा लिहावा, हा अधिक व्यापक प्रश्नही स्पष्ट होतो.

२

देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीस व नंतर पार्ल्यास गेले. त्यांचे मातामह वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. आर्यांच्या सणांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे. घरात विद्याव्यासंग, घराबाहेर कीर्तने, व्याख्याने, गणेशोत्सवांतील मेळे आणि उतरणीस लागलेल्या परंतु अद्याप दरारा असलेल्या संगीत रंगभूमीचे सूर, अशा परिसरात हा मुलगा वाढला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळचा उपनगरी मध्यमवर्ग जितका वाचणारा होता, तितकाच ऐकणाराही होता. पुराणिकाची कथा, वक्त्याचे भाषण, गवयाची बैठक यांतून त्याची अभिरुची घडली होती. देशपांडे यांनी पेटी आत्मसात केली ती याच वातावरणात. आणि पेटीवादकाला जी सवय अंगी बाणवावी लागते, म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यातील पुढची जागा आधीच ओळखण्याची, ती त्यांना पुढे नकलाकार म्हणूनही उपयोगी पडली असावी असे आम्हांस वाटते.

बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्याच सुमारास मराठी चित्रपटाने त्यांना ओढून घेतले. ‘कुबेर’ (१९४७), ‘वंदे मातरम्’ (१९४८), ‘पुढचं पाऊल’ (१९५०) या चित्रपटांशी त्यांचे नाव निगडित आहे. ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटाला त्यांनी दिलेले संगीत आजही बालगीतांच्या रूपाने घरोघरी आहे. या काळाचा कळस म्हणजे ‘गुळाचा गणपती’ (१९५३). कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सारे त्यांचेच होते. एका भोळ्या, स्वप्नाळू तरुणाची ही विनोदी कथा. परंतु त्याच चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचा ‘इंद्रायणी काठी’ हा अभंग भीमसेन जोशी यांच्या स्वरात येतो आणि तो उपरा वाटत नाही. हास्याच्या शेजारी भक्तीचा सूर निःसंकोचपणे बसविण्याची ही रीत कीर्तनाची आहे.

‘गुळाचा गणपती’नंतर देशपांडे चित्रपटाच्या धंद्यापासून दूर झाले. ज्याला सर्व सूत्रे एकहाती मिळाली, त्याने त्या क्षणीच ते माध्यम सोडावे, हे वरवर पाहता कोड्यासारखे दिसते. व्यक्तिगत कारणांचा शोध चरित्रकाराने घ्यावा. रचनेच्या दृष्टीने पाहता मात्र एक कारण स्पष्ट आहे. चित्रपटात उच्चारलेले वाक्य एकदा मुद्रित झाले की कायमचे थिजते. समोरच्या श्रोत्याच्या हसण्याबरोबर ते लांबत नाही, त्याच्या शांततेबरोबर आखडत नाही. ज्याची प्रतिभा संभाषणात रमणारी आहे, त्याला सर्वाधिकार मिळूनही येथे श्रोता मिळत नाही.

३

१९५५ साली देशपांडे आकाशवाणीत दाखल झाले. हा कालखंड त्यांच्या चरित्रांत बहुधा नोकरीचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो शिक्षणाचा कालखंड होय. श्रुतिकेत नेपथ्य नाही, वेश नाही, चेहरा नाही. पात्राचे वय, जात, प्रांत, व्यवसाय आणि स्वभाव हे सर्व केवळ उच्चारातून, हेलातून आणि विरामातून उभे करावे लागते. रंगभूमीवरील कित्येक साधने काढून घेतली तरी माणूस उभा राहू शकतो, हा धडा या माध्यमाने त्यांना दिला असला पाहिजे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचा आरंभ झाला. त्या नव्या माध्यमाच्या प्रारंभकाळातही त्यांचा सहभाग होता.

याच वर्षांत त्यांची दोन महत्त्वाची नाटके आली. ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) मध्ये रसिक काकाजी आणि व्रतस्थ आचार्य यांचा सामना आहे. तो दोन तत्त्वज्ञानांचा सामना म्हणून शिकविला जातो, आणि ते चूक नाही. परंतु तो तितकाच दोन भाषापद्धतींचा सामना आहे, ही गोष्ट वर्गात क्वचित सांगितली जाते. आचार्यांची भाषा छापील प्रवचनाची. काकाजींची भाषा इंदुरी बैठकीची, हिंदीच्या वळणाने मोकळी झालेली. प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे झुकणार हे विचारांच्या आधी कानांनीच ठरते. ‘सुंदर मी होणार’ (१९५८) हे रुडॉल्फ बेझिए यांच्या १९३० च्या इंग्रजी नाटकावर आधारलेले. त्यातील पित्याची जरब आणि दबलेल्या मुलांचे बोलणे यांतील अंतर हाच त्या नाटकाचा कणा आहे. तत्पूर्वी गोगोलच्या १८३६ च्या प्रहसनावरून त्यांनी ‘अंमलदार’ लिहिले होते. परक्या नाटकाला मराठी पोशाख चढवून ते भागत नसत. त्या समाजात कोण कोणाशी कोणत्या सुरात बोलतो याचा मराठी प्रतिसूर ते शोधीत.

४

‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्याचे ऐतिहासिक स्थान समजण्यास दोन संदर्भ आवश्यक आहेत.

पहिला संदर्भ मुंबईच्या घरभाड्याचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूस संरक्षण मिळाले. मालकास दुरुस्तीत रस उरला नाही. परिणामी चाळ ही एक विचित्र स्थिर संस्था बनली. तिच्यातून कोणी सहसा उठत नाही, तिच्यात नवे कोणी सहसा येत नाही, आणि भिंतींचे पोपडे पडत असता बिऱ्हाडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच राहतात. माणसे एकमेकांस नको इतकी परिचित झाली म्हणजे त्यांच्या बोलण्याच्या लकबी पक्क्या होतात, त्यांच्या भांडणांना परंपरा येते आणि त्यांच्या विनोदांना प्रस्तावना लागत नाही. अण्णा पावशे, सोकाजीनाना त्रिलोकेकर, बाबा बर्वे, जनोबा रेगे, कोचरेकर मास्तर ही पात्रे अशा स्थैर्यातून निर्माण झाली आहेत. ‘उपास’ या प्रकरणात निवेदकाने वजन उतरविण्याचा संकल्प सोडताच प्रत्येक शेजारी आपापला आहारशास्त्रीय सल्ला घेऊन पुढे होतो. त्या सल्ल्यांचा आशय हास्यास्पद आहेच. परंतु बोलणाऱ्याचे नाव झाकले तरी तो ओळखता यावा, इतकी प्रत्येकाची बोली निराळी आहे.

दुसरा संदर्भ संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा. १९५६ पासून मुंबईत ‘झालाच पाहिजे’ ही घोषणा दुमदुमत होती. राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. या दोहोंच्या मध्ये देशपांडे ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण लिहितात आणि चाळीच्या गच्चीसाठी भाडेकरूंचा लढा उभा करतात. ज्या आंदोलनात माणसांनी प्राण दिले, त्याच्या घोषणेचे विडंबन ते चालू असताना करणे ही साधी गोष्ट नव्हती. वाचकांनी ते आनंदाने स्वीकारले, याचे कारण विडंबनाचा रोख मागणीवर नव्हता. ठराव, शिष्टमंडळे, उपसमित्या, अध्यक्षीय समारोप ही सार्वजनिक जीवनाची भाषा मराठी मध्यमवर्गाच्या जिभेवर इतकी रुळली होती की, गच्ची असो वा राज्य असो, तो त्याच सुरात बोलू लागे. त्या सवयीवर त्यांनी बोट ठेवले. समाजाच्या राजकीय भाषेचा असा सूक्ष्म दस्तऐवज त्या काळच्या गंभीर लेखनातही विरळा.

१९६० च्या दशकाच्या आरंभी देशपांडे यांनी ही चाळ रंगमंचावर आणली, तीही एकट्याने. ही त्यांच्या कारकीर्दीतील मध्यवर्ती घटना होय. मराठीत एकट्याने बोलण्याचे दोन पूर्वसंस्कार होते. एक दिवाकरांच्या नाट्यछटेचा : तेथे बोलणारा एक असतो, दुसऱ्याचे बोलणे आपण त्याच्या उत्तरांवरून कल्पावयाचे असते. दुसरा, अधिक जुना, कीर्तनाचा : एकच हरिदास आख्यानातील राजा होतो, दासी होतो, चोर होतो, आणि मधूनच हरिदास होऊन श्रोत्यांशी थेट बोलतो. नाट्यछटेत निवेदक नाही. कीर्तनात तो आहे, आणि तोच सर्व पात्रांना जोडतो. देशपांडे यांनी कीर्तनाचा मार्ग घेतला. चाळीचा रहिवासी असलेला निवेदक प्रत्येक पात्रात शिरतो आणि त्यातून बाहेर येतो. प्रेक्षकाला पात्राचे हसू येते, परंतु निवेदकाच्या सहवासामुळे त्या हसण्यात तिरस्कार उतरत नाही. शेवटच्या ‘एक चिंतन’ या भागात हास्य मागे पडते आणि चाळीच्या अस्ताची चाहूल लागते. पूर्वरंगात जमविलेला परिचय उत्तररंगात करुणेसाठी खर्च करावा, हे कीर्तनकाराचे जुने कसब येथे लौकिक विषयासाठी राबविले आहे. यानंतर ‘असा मी असामी’मध्ये धोंडो भिकाजी कडमडे जोशी या कारकुनाच्या मुखाने त्यांनी तोच प्रयोग आत्मकथनाच्या रूपात केला.

५

दिग्दर्शक म्हणून देशपांडे यांचा विचार स्वतंत्रपणे झालेला नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ हा अनेक नटांचा कार्यक्रम. त्यात कथानकाचा धागा नाही. तरीही तो विस्कळीत वाटत नाही, याचे कारण प्रवेशांची मांडणी मैफलीच्या अंगाने, म्हणजे लय व रंगत यांच्या चढउताराने केलेली आहे. ‘ती फुलराणी’ (१९७५) हे याहून बोलके उदाहरण. शॉचे १९१३ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेले ‘पिग्मॅलियन’ हे उच्चारशास्त्रावरचे नाटक आहे. इंग्रज समाजात माणसाचा वर्ग त्याच्या उच्चारावरून ठरतो, हे त्याचे गृहीतक. मराठीत वर्गाबरोबर जात आणि प्रदेश हेही उच्चारात मिसळलेले असतात. त्यामुळे शब्दशः भाषांतर येथे निष्फळ ठरले असते. देशपांडे यांनी मंजुळेची बोली मुंबईच्या रस्त्यावरून उचलली आणि भक्ती बर्वे यांच्या कंठातून ती अशी वदविली की, मूळ नाटकाचे ऋण मान्य करूनही प्रेक्षकाला ती मुलगी आपल्याच गावची वाटली. ब्रेख्टच्या १९२८ च्या नाटकावरून लिहिलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’चे (१९७८) दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले, आणि संहिता दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाती गेली तरी तिची ध्वनिरचना टिकते हे तेथे सिद्ध झाले.

येथे एक नोंद न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहे. ‘एकपात्री’ हा शब्द रंगमंचापुरताच खरा आहे. १९४६ साली देशपांडे यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या सुनीता ठाकूर यांनी त्यांच्या नाटकांत भूमिका केल्या आणि प्रयोगांच्या व्यवस्थेचा भार वाहिला. ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या त्यांच्या आत्मकथनाने त्या सहजीवनाची दुसरी बाजू निर्भीडपणे पुढे आणली. देशपांडे यांच्यावरील निस्सीम प्रेमामुळे काही वाचकांस ते पुस्तक बोचले. इतिहासाच्या अभ्यासकास ते बोचण्याचे कारण नाही. रिकाम्या रंगमंचावर एक माणूस सहजपणे बोलत आहे, असा भास निर्माण होण्यासाठी किती जणांना नजरेआड राहावे लागते, याचा तो अस्सल पुरावा आहे.

६

देशपांडे यांच्यावर मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते टाळणे उचित होणार नाही. पहिला असा की, त्यांचे जग संकुचित आहे. गिरणगावातील कामगारांच्या चाळी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, दलित वस्त्या या त्यांच्या चाळीपासून फार दूर नव्हत्या. पण त्यांचा आवाज तेथे जवळजवळ ऐकू येत नाही. हा आक्षेप खरा आहे. कानावर विसंबणाऱ्या कलावंताची मर्यादा कानाच्या पल्ल्याइतकीच असते. जे संभाषण त्यांनी जवळून ऐकले होते ते त्यांनी अचूक वठविले. जे ऐकले नव्हते त्याचे सोंग त्यांनी सहसा आणले नाही. त्यांच्या चाळीला संपूर्ण मुंबई समजणे हा दोष त्यांच्याइतकाच आपल्या वाचनाचाही आहे.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. गतकाळाविषयी हुरहूर लावून ते वाचकाला गोंजारतात, असे म्हटले जाते. ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२, साहित्य अकादमी पुरस्कार १९६५) मधील अंतू बर्वा या व्यक्तिचित्राचे बारकाईने परिशीलन केल्यास हा आक्षेप पूर्णपणे टिकत नाही. रत्नागिरीचा हा म्हातारा तिरकस, दरिद्री आणि एकाकी आहे. मुलगा मुंबईस, घर ओसाड. गावात आलेल्या विजेकडेही तो संशयाने पाहतो. त्याचा विनोद हा त्याच्या दुःखाचा अलंकार नसून त्याचे संरक्षण आहे. लेखक त्याच्या वाट्याचे सांत्वन लिहीत नाही. तो फक्त त्याला बोलू देतो. गोंजारणाऱ्या लेखकाला इतके गप्प बसणे साधत नाही.

७

विनोदकाराच्या आवाजाला सार्वजनिक जबाबदारी असते काय? देशपांडे यांच्या उत्तरार्धात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. १९६५ साली त्यांनी प्रतिष्ठान स्थापून प्रयोगांच्या आणि लेखनाच्या उत्पन्नातील मोठा वाटा समाजकार्याकडे वळविला. १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९७५ ते १९७७ या आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत ते प्रचारसभांतून बोलले. विजयानंतर त्यांनी कोणतेही पद घेतले नाही. १९९६ साली पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना, देणाऱ्यांच्याच राजवटीतील धाकाच्या भाषेविषयी त्यांनी नापसंती व्यक्त केली आणि त्यावरून वाद झाला. ज्या माणसाने आयुष्यभर समाजाची भाषा ऐकली, त्याने भाषेतील अरेरावी सर्वांआधी ओळखावी, यात नवल नाही.

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ (१९९२) या चित्रपटाची पटकथा त्यांची. तमाशातला सोंगाड्या चित्रपटाचा नायक होतो आणि पुढे सत्तेच्या कक्षेत ओढला जातो. हसविणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या कामासाठी वापरला जाऊ लागला म्हणजे त्याचे काय होते, हा त्या कथेचा विषय. वयाच्या सत्तरीनंतर, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माध्यमासाठी लेखणी उचलताना त्यांनी हाच विषय निवडावा, हे अर्थपूर्ण आहे. ‘गुळाचा गणपती’नंतर त्यांनी घेतलेल्या निर्णयावरचे ते उशिराने लिहिलेले भाष्य म्हणून वाचता येते.

आता मूळ अडचणीकडे परत येऊ. देशपांडे यांना प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलेल्यांची पिढी झपाट्याने विरळ होत आहे. आज त्यांचे पुस्तक उघडणारा विद्यार्थी बहुधा ध्वनिमुद्रिकांतून ऐकलेला त्यांचा आवाज मनात घेऊनच वाचतो. ज्याने तो ऐकलेला नाही, त्याला काही पाने फिकी वाटतात. संहिता आपल्या बळावर किती उभी राहते आणि उच्चाराच्या आधाराने किती, याचे उत्तर अभिनिवेशाने देता येणार नाही. छापील पाठ आणि ध्वनिमुद्रित प्रयोग शेजारी ठेवून कोठे शब्द गळला, कोठे भर पडली, कोठे विराम लांबला याची ओळीओळीने नोंद करणे हाच त्याचा मार्ग आहे. संतवाङ्मयाच्या पाठभेदांसाठी आपल्या विद्यापीठांनी जे श्रम घेतले, ते श्रम हसविणाऱ्या माणसासाठी घ्यावयास आपण आजवर कचरलो आहोत. विनोद गंभीरपणे अभ्यासण्याजोगा नाही, हा समज त्यामागे असेल तर तो सोडण्यास हरकत नसावी. विसाव्या शतकातील मराठी मध्यमवर्ग काय विचार करीत होता, हे अनेक ग्रंथांतून कळते. तो कसा बोलत होता, हे ज्या थोड्या ठिकाणी कळते, त्यांत देशपांडे यांचे कार्य अग्रस्थानी आहे.